नळीतून निसटणारा ध्रुव

इतवारीतल्या त्या दुकानातून अश्लेषाला प्लायवुडच्या दोन हातभर फळ्या घ्यायच्या होत्या. पाच मिनिटांचं काम. पण वडिलांना सोबत आणल्याचा तिला तेवढ्यातच पश्चात्ताप झाला. देवाजींनी पहिली फळी भिंतीला टेकवली, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेराने ठोकली.

"पोकळ आहे. दुसरी काढ गा."

दुसरीही नापास झाली. दुकानदार अश्लेषाकडे बघू लागला आणि अश्लेषा रस्त्याकडे. तिसरी फळी ठोकल्यावर मात्र देवाजींचा चेहरा उजळला. "हे घे. हे बोलते," ते म्हणाले.

त्यांची ही खोड जुनी होती. कोळशाच्या खाणींत त्यांनी तीस वर्षं काढली होती. सुरुंग उडवून कोळसा पाडला की नव्या उघड्या छताखाली सगळ्यांच्या आधी एकच माणूस जातो, लोखंडी टोकाची काठी घेऊन. तो छत ठोकतो. आवाज खणखणीत आला तर मागच्यांनी आत यायचं, ढबढब आला तर सगळ्यांनी मागे सरायचं. देवाजी तो पहिला माणूस होते. निवृत्त झाले, सावनेर सोडून नागपुरात राहायला आले, पण हात काही थांबला नाही. टरबूज, माठ, भिंत, सगळं ठोकून बघत. लग्नाआधी जावयाची, गौरांगची, पाठ त्यांनी दोनदा थोपटली होती, ती कौतुकाने थोपटली असं घरात कोणीच मानत नव्हतं.

अश्लेषा एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होती आणि गेलं वर्षभर तिला ताऱ्यांचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. अडचण एकच. ताऱ्यांचा उजेड इतका कमी की कॅमेरा मिनिटभर तरी उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात पृथ्वी आपली फिरते, त्यामुळे ठिपक्यांच्या जागी रेघा उमटतात. विकतचं यंत्र तिला घ्यायचं नव्हतं, स्वतः बनवायचं होतं. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या, पुस्तकासारख्या. मधे एक लांब आट्यांचा बोल्ट. मिनिटाला बरोबर एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्याच चालीने उघडत जाते आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांना धरून राहतो. बोल्टला तिने लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवलं, त्यावर घड्याळासारख्या रेघा काढल्या, आणि बंद पडलेल्या प्रिंटरची मोटर रबरी पट्ट्याने त्याला जोडली. मोटर टिकटिक करी, पण चाले. सगळ्यात महत्त्वाची बिजागरी. ती नेमकी ध्रुवाकडे रोखलेली हवी, म्हणून बॉलपेनची रिकामी नळी तिच्यावर चिकटवली होती. नळीतून ध्रुव दिसला की जमलं. तो जरा इकडे तिकडे झाला की रात्र वाया.

नागपूरच्या आकाशात दिव्यांचाच उजेड, म्हणून जागा शोधणं आलं. गौरांगच्या ऑफिसातल्या एका दोस्ताचं शेत सावनेर ओलांडून खाप्याच्या रस्त्याला होतं. पडीक, सपाट, काळोखी. "बोअर मारला तं पाणी थांबतच नाही म्हणते तिथं, सरळ खाली जाते," गौरांगने हसत सांगितलं. "म्हणून कोणी फिरकत नाही. आपल्याले काय, आपण काय गहू पेरून राहिलो?"

अश्लेषाने वडिलांना जागा सांगितली नाही. सावनेरच्या पुढे देवाजी कधी पाऊल टाकत नसत, लग्नकार्यालाही नाही, आणि का ते विचारायची घरात सोय नव्हती. सासूबाई रंभाबाईंची तक्रार वेगळीच होती. "अमावस्येच्या राती कोणी शेतात जाते काय वं?"

"चंद्र नको म्हणूनच तं जाऊन राहिलो, आई," अश्लेषा म्हणाली आणि डबा भरला.

फाल्गुनातली अमावस्या होती. दोघं पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. शेतात एकच पळस होता, फुललेला, पण त्या अंधारात त्याचा लाल रंग नुसता काळा दिसत होता. अश्लेषाने मोकळ्या जागी कॅमेऱ्याची तिवई रोवली आणि तिच्यावर यंत्र बसवलं. गौरांगने तिच्यापासून वीसेक पावलांवर, पळसाकडे, सतरंजी पसरली, पाच मिनिटं आकाशाची तारीफ केली आणि घोरायला लागला.

नागपुरात ध्रुव फार वर नसतो, हात लांब करून क्षितिजापासून एक वीत मोजली की त्याच्या आसपास सापडतो. तिने गुडघ्यावर बसून नळी त्याच्यावर रोखली, मोटर सुरू केली आणि कॅमेऱ्याला मिनिटामिनिटाला आपोआप फोटो काढायला लावलं. आग्नेयेला आकाशगंगा चढत होती. तिला इतका आनंद झाला की गौरांगला उठवून दाखवावं असं वाटलं, पण त्याला उठवणं म्हणजे एक कामच असे.

पावणेचारच्या सुमारास तिने फोटो तपासला. तारे लांबट आले होते. नळीतून पाहिलं तर ध्रुव वरच्या काठाला टेकला होता. तिने स्वतःलाच शिवी दिली, स्क्रू आवळले, बोल्ट मागे फिरवून पुन्हा रोखला. दहा मिनिटांत ध्रुव पुन्हा वर. तिसऱ्यांदा बोल्ट मागे फिरवून रोखलं, पाच कमी चारला. तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की या शेतात रातकिडेसुद्धा ओरडत नाहीत. मघापर्यंत कुठून तरी मोहाचा गोड वास येत होता, तो गेला होता. त्याच्या जागी ओल्या कोळशाचा वास येत होता. कोरड्या ठणठणीत मार्चमध्ये ओल कुठून आली?

चार वाजून पाच मिनिटांनी ध्रुव परत नळीच्या बाहेर गेला. तिने फोन काढला. देवाजी रात्री झोपत नसत, रातपाळीची सवय हाडात मुरली होती. आणि या वेळी कोणावर तरी राग काढायचा तर वडिलांइतकं हक्काचं कोण होतं?

"बाबा, तुमची बोलणारी फळी वाकून राहिली. ध्रुव तीनदा निसटला."

"ते फळी वाकत नाही." देवाजींचा आवाज फणकाऱ्याचा आला. "स्क्रू ढिले ठेवले असशील तू."

"घट्ट आहेत."

"कोण्या बाजूले जाते तारा?"

"दरवेळी वरच जाते."

मग देवाजींनी हळूच विचारलं, "अशू, तिथं ठोकून कोण राहिलं?"

"मोटर आहे, बाबा. टिकटिक करते ते."

"मोटर बंद कर."

तिने बॅटरीची वायर उपटली आणि झाकणावरचा रबरी पट्टाही काढून खांद्यावरच्या पर्समध्ये टाकला. मोटर गप्प झाली. चार अकरा झाले होते. कॅमेरा आपला एकटाच उघडझाप करत होता.

टक टक... टक.

अश्लेषाचा हात पर्समध्येच राहिला. आवाज तिवईतून येत नव्हता. तो तिच्या गुडघ्यांना लागत होता, खालून.

टक टक... टक.

"फोन जमिनीवर ठेव," देवाजी म्हणाले.

तिने ठेवला. किती वेळ ठेवला ते तिला कळलं नाही. उचलून कानाला लावला तेव्हा वडिलांच्या श्वासाचा आवाज येत होता, मोठा, जिना चढून आल्यासारखा.

"कुठी आहेस तू? खरं सांग..."

"सावनेरच्या पुढं, बाबा. खाप्याच्या रस्त्याले. गौरांगच्या दोस्ताचं शेत आहे..."

"पाणी थांबत नाही, ते?"

"हाव... तुमाले कसं माहीत?"

देवाजींचा आवाज एकदम सपाट झाला होता, कामावरच्या माणसाचा. "पोरी, ध्रुव हालत नसते. तुह्या पायाखालची जमीन वाकून राहिली. तारा वर जाते म्हणजे ते उत्तरेकडं खाली चालली. जावई कुठी आहे?"

अश्लेषाने उत्तरेकडे पाहिलं. सतरंजी दिसत नव्हती. घोरणं मात्र ऐकू येत होतं.

"तिकडंच... वीस पावलं..."

"पळू नको. पाय आपटू नको. जा, त्याले उठव. येताना हात धरून येऊ नका, अंतर ठेवून या, वजन एका जागी नको. सामानाले हात लावायचा नाही. अन् अशू... तो जे ठोकून राहिला, ते आयक."

"कोण ठोकून राहिला, बाबा?"

"आयक म्हटलं ना."

ती निघाली. आपला नवरा समोर झोपला आहे आणि आपण त्याच्यापर्यंत पोचणार नाही, अशी भीती तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. चार पावलं सरळ टाकली तर खालचा आवाज बदलला. ढब... ढब... माठ तडकलेला असावा तसा. ती जागीच थिजली. लहानपणी शंभरदा ऐकलेलं आठवलं, खणखणीत तर चल, ढबढब तर सर. ती उजवीकडे सरकली.

टक टक... टक.

आवाज तिच्या पुढे गेला. ती त्याच्या मागे गेली. तो थांबला की ती थांबे, तो वळला की वळे. जमिनीखाली कोणीतरी तिच्या एक पाऊल पुढे चालत होतं आणि तिच्यासाठी वाट ठोकून बघत होतं. भीती तिला वाटतच होती, पण ती त्या चालणाऱ्याची नव्हती. तिला भीती होती ती आवाज बंद पडण्याची.

सतरंजीखालची माती गादीसारखी दबली. तिने गौरांगच्या दंडाला धरून हलवलं.

"पाच मिनिटं गं..."

तिने त्याला असा चिमटा काढला की तो ताडकन उठून बसला. "अबे, काय..." आणि मग त्यालाही ऐकू आलं. "कोण ठोकून राहिलं?"

"चूप. बोलू नको. माझ्या मागं ये, पण दूर. मी पाय ठेवीन तिथंच पाय ठेव."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण प्रत्येक गोष्टीला फाटे फोडणारा गौरांग त्या रात्री एक अक्षर न बोलता निघाला. आवाजाच्या मागे ती, तिच्या मागे सहा पावलांवर तो. तिवईच्या बाजूने जाताना तिचा हात कॅमेऱ्याकडे गेला. ढब, खालून आलं, जवळजवळ दटावल्यासारखं. तिने हात मागे घेतला.

शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पोचले तेव्हा चार वीस झाले होते. धुऱ्याच्या पलीकडे पक्का रस्ता, रस्त्यावर त्यांची गाडी. तिथे आवाज थांबला. दोघं गाडीला टेकून उभे राहिले. "पोचलो, बाबा," ती फोनवर म्हणाली. पलीकडून नुसता हुंकार आला, मग दुचाकीला किक मारल्याचा आवाज, आणि फोन कटला.

चार चौतीसला शेतातून लांबलचक करकर ऐकू आली. भरल्या बैलबंडीचा आस करकरतो तशी. मग जमिनीने मोठा उसासा सोडला, गार वारा तोंडावर आला, आणि त्यात जुन्या साचलेल्या पाण्याचा वास होता. गाडीचे दिवे लावून पाहिलं तर धुळीपलीकडे पळस नव्हता. सतरंजीची जागाच नव्हती.

गौरांग रस्त्यावरच बसला. "माझा थर्मास राहिला वं तिथं," तो म्हणाला. अश्लेषाला हसू आलं. ते हसू थांबेना, मग त्याचं रडू झालं, आणि त्या रडण्यात इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की तिने ते थांबवलंच नाही. तो जिवंत होता. त्याच्या अंगाला घामाचा आणि शेवचिवड्याचा वास येत होता, आणि तो वास तिला तेव्हा जगातल्या कुठल्याही सुगंधाहून प्यारा वाटला.

देवाजी आले तेव्हा उजाडायला लागलं होतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस अंधारात एकट्याने दुचाकी हाकत आला होता. आधी त्यांनी दोघांच्या डोक्यांवरून, खांद्यांवरून हात फिरवला, तपासल्यासारखा. मग खळ्याएवढ्या त्या खड्ड्याकडे पाहिलं आणि धुऱ्यावर बसले.

"खाली आमची जुनी खाण आहे," ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं झाले बंद होऊन. पाण्यानं अर्धी भरली आहे."

"मग ठोकून कोण राहिलं होतं, बाबा?"

"बापूजी." देवाजी म्हणाले. "माह्यासारखाच छत ठोकणारा. आमचे प्रत्येकाचे हात वेगळे असते. तो दोनदा ठोके, थांबे, मग एक. कोणीच तसं करत नव्हतं. त्या राती पाळी माही होती. तेवढ्यात निरोप आला, पोरगी झाली म्हणून. बापू म्हणाला, जा गा, पोरीचं तोंड पाहून ये, तुहं छत मी पाहतो..." त्यांनी खड्ड्याकडे हात केला. "छत बसलं. बाकीचे मागं होते, ते वाचले. तो गावलाच नाही. मग खाण बंद केली."

आपला वाढदिवस वडील कधीच धड साजरा का करत नाहीत, ते अश्लेषाला त्या क्षणी समजलं.

"मले वाटे, तो माह्यावर चिडून असंल," देवाजी म्हणाले. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "इकडं आलो असतो तं त्याले काय तोंड दाखवलं असतं? अन् तो इथं माह्या पोरीचं छत पाहून राहिला होता गा..."

ते उठले. चपला काढल्या, सोबत आणलेली काठी घेतली आणि एकेक पाऊल ठोकत शेतात गेले. खड्ड्याची कड तिवईपासून पाच पावलांवर थांबली होती. गौरांग मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, मित्राला दाखवायला. देवाजींनी कडेपाशी हात जोडले, काहीतरी पुटपुटले, मग तिवई कॅमेऱ्यासकट उचलून खांद्यावर टाकली आणि परत आले. येताना त्यांची चाल बदललेली होती. पाठीवरचं पोतं उतरवलेल्या हमालासारखे ते मोकळे चालत होते. सावनेरला थांबून त्यांनी दोन प्लेट पोहे तर्री घालून खाल्ले आणि तिसरी गौरांगला आग्रहाने खायला लावली. त्या दुपारी ते लेकीच्या घरी झोपले, ते रात्रभर उठलेच नाहीत. अश्लेषाने दोनदा जाऊन त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

चार दिवसांनी तिने फोटो संगणकावर उघडले. चार अकरापर्यंतचे फोटो वाकत्या जमिनीचे होते, लांबट ताऱ्यांचे. चार अकरानंतर मोटरच नव्हती, त्यामुळे पुढच्या नऊ फोटोंत ताऱ्यांच्या सरळ रेघा होत्या. ठीकच होतं.

चार वीसच्या, म्हणजे ते धुऱ्यावर पोचून ठोकणं थांबलं त्या मिनिटाच्या, फोटोत रेघा नव्हत्या. सगळे तारे ठिपके होते, सुईच्या टोकाचे. चार एकवीसलाही तसेच. जमीन खचली त्या एका फोटोत थोडी थरथर होती, आणि त्यानंतर पुन्हा ठिपके. आकाशगंगा इतकी स्वच्छ आली होती की अश्लेषाने असा फोटो फक्त इतरांचा पाहिला होता. पाच वाजता कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. तिथपर्यंत एकही फोटो बिघडलेला नव्हता.

तिने यंत्र समोर घेतलं. रबरी पट्टा तिच्या पर्सच्या कप्प्यात होता, तिनेच काढून ठेवलेला. फळ्या मात्र बऱ्याच उघडल्या होत्या. तिने बोल्ट उलटा फिरवत फेरे मोजायला सुरुवात केली. शेवटचं रोखलं त्यापासून मोटर बंद करेपर्यंत सोळा मिनिटं, म्हणजे सोळा फेरे तिचे. त्यापुढे चार वीस ते पाच, चाळीस फेरे. एकूण छप्पन्न भरायला हवे होते.

एकशेछत्तीस भरले. तिने पुन्हा पुढे फिरवून पुन्हा मोजले. एकशेछत्तीसच.

म्हणजे कॅमेरा बंद पडल्यावरही ऐंशी फेरे. ऐंशी मिनिटं. पाचनंतर ऐंशी मिनिटं म्हणजे सहा वीस, तेव्हा तर तारे मावळून ऊन पडलं होतं.

तिने गौरांगचा फोन मागून घेतला आणि त्याने काढलेल्या व्हिडिओची वेळ पाहिली. देवाजी पाठमोरे चालत जातात, कडेपाशी हात जोडतात, पुटपुटतात, वाकून तिवईला हात घालतात. त्यांनी तिवई उचलली तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.